डागी टोमॅटोच्या आत

बाजार उठायच्या वेळी भाजीचे वाटे स्वस्त होतात. वर चांगले टोमॅटो, खाली दोन-तीन डागी. घरी आणल्यावर मऊ पडलेला भाग सुरीने काढायचा आणि उरलेला कोशिंबिरीत चिरायचा, ही आपली सवय. ती धोक्याची का, हे कळण्यासाठी भाजी सडते कशी ते पाहायला हवं.

भाजीच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे. पेक्टोबॅक्टेरियम नावाचे जिवाणू जखमेतून आत शिरतात आणि पेक्टिन विरघळवणारी एन्झाइम सोडतात. पेशी सुट्या होऊन फुटतात. वरून साल शाबूत आणि आत नुसता घाण वासाचा लगदा, असा बटाटा आपण सगळ्यांनीच हाताळलेला असतो. हे जिवाणू सहसा माणसाला आजारी पाडत नाहीत. पण पेशींतून झिरपलेल्या रसावर साल्मोनेलासारखे रोगजंतू पोसले जातात. वेल्स आणि बटरफील्ड या अमेरिकी संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाजारातली फळं-भाज्या तपासली होती. निरोगी नमुन्यांच्या तुलनेत सडलेल्या नमुन्यांत साल्मोनेलाचा संशय सुमारे दुप्पट वेळा आला. म्हणूनच ‘एवढंसंच तर नासलंय’ हे म्हणणं मला पटत नाही.

टोमॅटोची गोष्ट थोडी वेगळी. तो आंबट असल्यामुळे बऱ्याच जिवाणूंना मानवत नाही, बुरशीला मात्र चालतो. चिरलेल्या सालीवर कापसासारखे पांढरे तंतू आणि त्यांच्या टोकांना टाचणीच्या डोक्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले, तर ती बहुधा रायझोपस. तिचे तंतू शेजारच्या फळातही घुसतात. काही बुरश्या फळातलं आम्लच खातात. आंबटपणा उतरला की जिवाणूंनाही वाट मोकळी होते. मऊ गरात हे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून बरेच खोल गेलेले असतात, म्हणून बुरशी आलेला टोमॅटो अख्खाच टाकावा. गाजर किंवा कोबीसारख्या घट्ट भाजीवर लहानसा डाग असेल, तर त्याच्याभोवतीचा आणि खालचा किमान अडीच सेंटिमीटर भाग काढून उरलेली वापरता येते. शिजवल्याने साल्मोनेला मरतो. काही बुरश्यांची विषं मात्र उकळूनही पुरती जात नाहीत.

पाण्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उन्हात तापलेला टोमॅटो गार पाण्यात बुडवला की त्याच्या आतली हवा आकसते आणि देठाच्या खळग्यातून पाणी आत ओढलं जातं, जंतूंसकट. मग घरी कितीही चोळून धुवा, आत गेलेलं बाहेर येत नाही. आणि बाजारात त्याच एका बादलीत चिखलाची कोथिंबीर बुचकळली जाते, त्याच पाण्याचा शिपका दिवसभर पालेभाजीवर मारला जातो. विक्रेत्या बाईला यात दोष कसा द्यायचा? तिला जवळपास नळच नसतो. जागेची पावती रोज फाडली जाते, तर ओळीच्या टोकाला एक स्वच्छ पाण्याचा नळ आणि डोक्यावर सावली एवढं तरी त्या पैशांतून मिळायलाच हवं.