पत्ता मिळाला, नाव अडलं

वालूरच्या वळणदार बारवेचे फोटो पाहायला लिनक्सच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडावा आणि पान येऊच नये, की तोंडातून पहिला शब्द निघतो, 'नेट गेलं'. हे निदान बरेचदा चुकीचं असतं. लॅपटॉपला स्वतःचा पत्ता मिळणं आणि संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत. ती वेगळी तपासली नाहीत तर माणूस नेमकी धडधाकट असलेली गोष्ट दुरुस्त करत बसतो.

पूर्वपीठिका थोडक्यात उरकतो. नावांची व्यवस्था, म्हणजे डीएनएस, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. पत्ते आपोआप वाटणारी डीएचसीपी १९९३ मध्ये आली. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पत्ते वाटण्याचं काम फोनच करतो. लॅपटॉपला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर वाटणारा कुणी भेटलाच नाही असं समजावं. पत्ता नीट आहे, गूगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरला पिंग केल्यावर उत्तरही येतं, पण नाव टाकलं की गाडी अडते. मग दोष नावाच्या बाजूला.

इथून खरी गंमत सुरू होते, ती 'रिझॉल्व्ह.कॉन्फ' या चिमुकल्या फायलीत. नावं कुणाला विचारायची ते तिच्यात लिहिलेलं असतं. उबुंटूत ती उघडली की १२७.०.०.५३ दिसतं. म्हणजे लॅपटॉप स्वतःलाच विचारतोय! नवखा माणूस इथेच चूक सापडल्याच्या आनंदात ती ओळ खोडतो. पण तो पत्ता लॅपटॉपमध्येच बसलेल्या 'सिस्टमडी-रिझॉल्व्हड' या मध्यस्थाचा असतो, आणि शेवटचे ५३ हा पत्त्याचाच भाग; डीएनएसचा ठरलेला पोर्ट क्रमांकही ५३च आहे. पुढे हा मध्यस्थ कुणाकडे चौकशी करतो, ते 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' या आज्ञेने दिसतं. ही फाइल बहुधा खरी फाइल नसतेच, दुसरीकडे बोट दाखवणारा दुवा असते. हाताने बदलू नका, अशी सूचनाही तिच्या माथ्यावर असते. जिथे मध्यस्थ नाही तिथे आणखी एक खोच आहे. यादीतला पहिला सर्व्हर मुका असेल, तर साधारण ५ सेकंद थांबून मग दुसऱ्याला विचारलं जातं. लोक त्याला 'नेट स्लो आहे' म्हणतात.

यावर कुणी म्हणेल, हाताने ८.८.८.८ लिहिलं की लगेच चालतं, मग एवढा खटाटोप कशाला? चालतं खरं, पण नेटवर्क बदललं की नेटवर्कमॅनेजर स्वतःचा मजकूर परत लिहितो. काहीजण मग फाइलच कुलूपबंद करतात. तोच लॅपटॉप सेलूच्या एखाद्या कचेरीत नेला, की तिथल्या अंतर्गत सर्व्हरची नावं सापडत नाहीत, कारण ती बाहेरच्या सर्व्हरला ठाऊकच नसतात. बदल करायचाच तर त्या जोडणीच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये डीएनएसचं 'ऑटोमॅटिक' बंद करून करावा. तो त्या जोडणीपुरताच राहतो आणि टिकतो.

जाता जाता एक आवडती गोष्ट. २०१४ पासून देवनागरीत '.भारत' हे टोक मिळतं, मराठीसाठीही. पण डीएनएसच्या रस्त्यावर ते नाव रोमन अक्षरांच्या वेषातच धावतं. म्हणून मराठी नाव उघडत नसेल, तर त्याचं 'एक्सएन' ने सुरू होणारं रूप टाकून पाहावं. तेही अडलं, तर दोष देवनागरीचा नाही.