उपकरण क्रमांक, स्थानिक वापराचे
संगणकाच्या परिचालन प्रणालीत अधिकृत वाटपातून वगळून, कोणाही वापरकर्त्याला आपल्या खास उपकरणासाठी विनापरवाना वापरता यावेत म्हणून राखून ठेवलेले क्रमांक. यूनिक्स व तिच्या परंपरेतील लिनक्स (१९९१) या प्रणालींत, जाळ्याची उपकरणे सोडल्यास, बहुतेक उपकरणे फाइलींच्या रूपाने दिसतात. अशा फाइलीत मजकूर नसतो. उपकरणाचा प्रकार, परवानग्या आणि मुख्य व गौण असे दोन क्रमांक असतात. मुख्य क्रमांकावरून कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, संबंधित चालक आज्ञावली शोधतो. गौण क्रमांकाचा अर्थ तो चालक लावतो. उदा., लिनक्समध्ये खंड-उपकरणांतील ८ हा मुख्य क्रमांक स्कझी चकत्यांचा असून पहिल्या चकतीस ० ते १५ हे गौण क्रमांक मिळतात : ० संपूर्ण चकतीस व उरलेले तिच्या विभागांस. वर्ण-उपकरणांची यादी वेगळी असते.

एखाद्या प्रयोगशाळेने स्वतः बनविलेल्या मापनयंत्रासाठी यादीतील रिकामा क्रमांक परस्पर घेतला, तर पुढे तोच क्रमांक दुसऱ्या उपकरणास अधिकृतपणे दिला जाण्याचा संभव असतो. मग दोहोंपैकी एका चालकाची नोंदणीच होत नाही. याहून घातक प्रकार जुन्या फाइलीमुळे घडतो. ती चकतीवर तशीच राहिली, तर मापनयंत्रासाठी दिलेल्या सैल परवानग्यांनिशी भलतेच उपकरण खुले होते. हा धोका टाळण्यासाठी लिनक्सच्या यादीत ६० ते ६३, १२० ते १२७ व २४० ते २५४ हे मुख्य क्रमांक स्थानिक व प्रायोगिक वापरासाठी राखले गेले. मुख्य क्रमांक आठ बिटांचा, म्हणजे जेमतेम २५६ मूल्यांचा होता, हे ध्यानात घेता ही तरतूद उदारच म्हटली पाहिजे. मात्र राखीव क्रमांकाने केवळ अधिकृत उपकरणाशी होणारी टक्कर टळते. दोन संस्थांनी २४० हाच क्रमांक घेतला आणि त्यांची उपकरणे एका यंत्रात आली, तर तंटा उरतोच. म्हणून असे चालक सार्वत्रिक वितरणास योग्य नसतात.

दुसरा मार्ग गतिशील वाटपाचा. चालकाने मुख्य क्रमांक म्हणून शून्य दिल्यास कर्नल २५४ पासून उतरत्या क्रमाने मोकळा क्रमांक देतो. हा शोध राखीव पट्ट्यातच सुरू होत असल्याने पुढे वर्ण-उपकरणांचे २३४ ते २५४ हे क्रमांक गतिशील वाटपाकडे गेले. गतिशील क्रमांक दर वेळी तोच मिळेल याची हमी नसल्याने फाइली पुनःपुन्हा कराव्या लागत. २००३ मधील २.६ या आवृत्तीपासून मुख्य क्रमांक १२ व गौण क्रमांक २० बिटांचा झाला आणि फाइली आपोआप निर्माण करणारी यूडेव्ह ही व्यवस्थाही त्याच सुमारास आली. त्यानंतर स्थिर क्रमांकांची निकड बरीच ओसरली.