शेवटचे शून्य

गांधीबागेतल्या कापडबाजारात गाठीवर पत्ता लिहिणाऱ्याला जागा किती उरली ते डोळ्यांनी दिसते. संगणकाला ते दिसत नाही. छपाईयंत्र, कळफलक, जाळ्याची जोडणी यांना चालविणारा आज्ञावलीचा जो भाग, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नावे ठेवावयास त्याच्याजवळ ठराविक मापाचे कप्पे असतात. लिनक्समध्ये जाळ्याच्या जोडणीच्या नावाला 16 बाइटांचा कप्पा आहे. डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास घडविलेल्या सी भाषेत नावाची लांबी वेगळी नोंदवीत नाहीत; नाव संपले की एक शून्य ठेवतात. वाचणारा शून्य भेटेपर्यंत वाचीतच जातो.

आता ‘गांधीबाग’ हेच नाव घ्या. यूटीएफ-8 रीतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना आणि अनुस्वारदेखील, तीन बाइट खाते. आठ चिन्हांचे 24 बाइट झाले. ‘स्ट्रकॉपी’ ही जुनी आज्ञा ते सगळे ओतते. उरलेले आठ बाइट आणि शून्य शेजारच्या कप्प्यात सांडते. ड्रायव्हर कर्नलमध्ये (फौजेतला नव्हे, संगणकाचा गाभा) चालतो, म्हणून सांडलेल्या नावाने सगळे यंत्र बंद पडू शकते, किंवा चोराला वाट मिळते. ‘स्ट्रएनकॉपी’ 16 वर थांबते खरी, पण शून्य ठेवीत नाही. ओपनबीएसडीच्या मंडळींची 1998 ची ‘स्ट्रएलकॉपी’ शून्य ठेवते. मात्र लांबी सांगण्यासाठी मूळ नाव अखेरपर्यंत वाचते, आणि मूळालाच शून्य नसले तर भलतीकडे भटकते. 2015 मध्ये लिनक्सने ‘स्ट्रएसकॉपी’ आणली. ती पंधरा बाइट घेते, शून्य ठेवते, आणि नाव मावले नाही तर ऋण सात हा आकडा परत देते. कप्प्यात ‘गांधी’ राहते, ‘बाग’ जाते. पण गेल्याची वर्दी मिळते.

कारखान्यात बोट तुटले की पहिला ठपका कामगाराच्या बेसावधपणावर येतो, हे आम्ही आयुष्यभर ऐकत आलो. येथे निदान हत्यार बदलले गेले. 2024 मध्ये ‘स्ट्रएलकॉपी’ लिनक्समधून काढूनच टाकली.

पण जुने नाव खोडून नवे लिहिले म्हणजे दुरुस्ती झाली, असे नव्हे. परत आलेला आकडा मिळवून पुढची जागा काढणारी ओळ तशीच राहिली, तर ऋण सातामुळे लेखणी सात घरे मागे जाते. शिवाय सगळ्याच नावांना शून्य नसते. स्कझी जातीच्या तबकड्या उत्पादकाचे नाव नेमक्या आठ बाइटांत देतात, रिकामी जागा कोऱ्या अक्षरांनी भरतात. आठांच्या कप्प्यात ‘स्ट्रएसकॉपी’ लावली तर आठवे अक्षर हकनाक जाते. तेथे नऊ बाइटांचा कप्पा करावा, आठ मोजून उचलावे आणि नवव्या घरात शून्य आपल्या हाताने ठेवावे.