धुई, सोनं आणि कापूस

थंडी पडली की एक प्रश्न हमखास येतो. या वेळी तो पारोळ्याच्या एका वाचकांनी विचारला आहे: ‘धुईत पिवळ्या दिव्यांनी जास्त लांबचं दिसतं का? दुकानदार तर खात्रीनं सांगतो.’ सुरत-नागपूर महामार्गावर पहाटे जळगावकडे निघणाऱ्याला या प्रश्नाचं मोल कळतं. एरंडोलपर्यंत रस्ता मोकळा असतो आणि बांभोरीला गिरणेचा पूल जवळ आला की समोरच्या ट्रकचा फक्त फाळका दिसतो. रात्रभर थंड झालेली जड हवा उतारानं नदीपात्रात उतरते, त्यात पात्रातली ओल मिसळते. वारा नसला की धुई तिथेच बसून राहते.

दुकानदाराची बाजू घ्यायची तर फ्रान्सचं उदाहरण देता येईल. तिथे १९३६ च्या कायद्यानं गाड्यांना पिवळे हेडलाइट सक्तीचे झाले, आणि ती सक्ती १९९३ पर्यंत टिकली. तरी उत्तर ‘नाही’ असंच आहे. आकाश निळं दिसतं ते हवेच्या अतिसूक्ष्म रेणूंमुळे. ते निळा प्रकाश जास्त विखुरतात. धुईचा थेंब मात्र साधारण १० मायक्रॉनचा, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास वीसपट. त्याला निळा, पिवळा सारखाच. धुई पांढरीफटक दिसते ती त्यामुळेच.

हे गणित १९०८ मध्ये मांडलं जर्मनीच्या गुस्ताव मी यांनी. त्यांच्यासमोर धुकं नव्हतंच. पाण्यात तरंगणारे सोन्याचे कण लाल का दिसतात, हे त्यांना शोधायचं होतं. जळगावच्या सराफांना ही गोष्ट आवडावी! फॉग लॅम्पचा जो काही उपयोग होतो तो रंगामुळे होत नाही, तर तो खाली बसवलेला असतो आणि त्याचा झोत आडवा, वरून कापलेला असतो म्हणून होतो. अप्पर मारला की डोळ्यांच्या पातळीवरचे सगळे थेंब उजळतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून धुईत डिप्परवरच चालवायचं.

सोन्यानंतर कापूस. पॉल-जाँ कुलिए हे फ्रेंच औषधशास्त्रज्ञ. १८७५ मध्ये त्यांनी एका चंबूत थोडं पाणी घेतलं आणि त्याला रबरी फुगा जोडला. फुगा दाबून सोडला की आतली हवा प्रसरण पावून गार होई आणि चंबूत धुकं उमटे. मग त्यांनी कापसाच्या बोळ्यातून गाळलेली हवा आत भरली. पाणी तेच, गारवा तोच, पण धुकं गायब! वाफेला थेंब व्हायला बसायची जागा लागते, ती जागा धुळीचा-धुराचा कण देतो, आणि तो कण तर कापसात अडकला होता. पाच वर्षांनी स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांना स्वतंत्रपणे हेच सापडलं. त्यांनी पुढे कण मोजायचं यंत्रही बनवलं, म्हणून सूक्ष्म कणांना आज ‘एटकेन कण’ म्हणतात. कुलिएंचं नाव कुणाच्या तोंडी नाही, आणि मला तरी हा अन्याय वाटतो. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांनी तरी या माणसाला विसरू नये.

कण वाढले की धुईचं काय होतं? पसाभर ज्वारी वाऱ्यावर उधळली तर पलीकडचा माणूस दिसतो. तीच ज्वारी दळून उधळली तर तो दिसेनासा होतो. हवेतलं पाणी तेवढंच राहून थेंबांचा आकार निम्मा झाला, तर त्यांची संख्या आठपट होते, अडवणारं एकूण क्षेत्र दुप्पट होतं आणि दिसण्याचं अंतर निम्म्यावर येतं. वेचणी संपली की बांधावर पऱ्हाटीचे ढीग पेटतात. तो धूर रात्री जमिनीलगत साचतो आणि पहाटेच्या वाफेला वाटेल तेवढ्या जागा पुरवतो. महामार्गालगतच्या शेतात पऱ्हाटी जाळणं बंद झालं तर पिवळ्या काचांपेक्षा जास्त फरक पडेल, असं माझं मत आहे.

आता वेगाचं बघू. ताशी ८० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथेच गेले. पुढे कोरड्या रस्त्यावरही थांबायला ३५ मीटर लागतात. दिसतंय मात्र ५० मीटरच. वेग ५० वर आणला तर सगळं मिळून ३५ मीटरमध्ये भागतं. अर्थात हे कारचं झालं. भरलेल्या ट्रकला आणि ओल्या डांबरावर याहून जास्त लागतं.

शिवाय ५० मीटरवरून दिसायला पुढच्या वाहनाला मागे काहीतरी चमकणारं हवं. जिनिंगकडे निघालेली, कापसानं फुगलेली ट्रॉली आठवा. मागचा दिवा असलाच तर लोंबणारी ताडपत्री त्याला झाकते. आपण ज्याला ‘रेडियम’ म्हणतो त्या पट्टीत रेडियम औषधालाही नसतं. तिच्यातले काचेचे मणी किंवा बारीक प्रिझम प्रकाश आला त्याच दिशेनं परत पाठवतात, म्हणून ती ताडपत्रीच्या वर, बाहेरच्या कडेला चिकटवायला हवी.

आणि उजाडलं म्हणून लगेच किल्ली फिरवू नका. सूर्य वर आल्यावर जमिनीलगतची हवा हलू लागते, दव उडून पुन्हा वाफ होतं आणि पहिला अर्धा तास धुई बऱ्याचदा पहाटेपेक्षाही दाट होते. पाळधीला चहाला थांबला असाल तर दुसरा कप मागवायला हरकत नाही.