बिनतारी गोंगाटशामक इअरबड्सच्या ध्वनिगुणवत्तेचे मूल्यमापन : चंद्रपूर-गडचिरोली परिसराच्या संदर्भात

बीजसंज्ञा : ध्वनिगुणवत्ता, गोंगाटशमन, वारंवारता, श्रवणचाचणी, श्रवणसुरक्षा

प्रस्तावना :

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे वनसंपन्न जिल्हे ध्वनीच्या दृष्टीने परस्परविरोधी अनुभव देतात. एकीकडे खुल्या कोळसा खाणी, २९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक विद्युत केंद्र आणि कोळशाची अवजड वाहतूक आहे. तर दुसरीकडे ताडोबा व भामरागडचा अरण्यप्रदेश आहे. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाची संलग्न महाविद्यालये या दोन टोकांच्या दरम्यान विखुरलेली आहेत. एस.टी.च्या प्रवासात व्याख्यान ऐकणे, ऑनलाइन वर्ग घेणे, माडिया व गोंडी गीतांच्या ध्वनिमुद्रणांचे शब्दांकन करणे अशा कामांसाठी बिनतारी गोंगाटशामक इअरबड्स उपयोगी पडतात. मात्र त्यांची निवड पुष्कळदा 'बाहेरचा आवाज किती बंद होतो' या एकाच निकषावर होते. शांतता देणे आणि मूळ ध्वनी प्रामाणिकपणे पोहोचविणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. या दोहोंची स्वतंत्र पारख महाविद्यालयीन पातळीवर, प्रयोगशाळेशिवाय, कशी करता येईल याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गोंगाटशमनाचे तत्त्व व मर्यादा :

पॉल ल्यूग या जर्मन संशोधकास १९३६ मध्ये अमेरिकेत मिळालेल्या एकस्वात या तंत्राचे मूळ आहे. अमर बोस यांनी १९७८ मध्ये विमानप्रवासात या कल्पनेचा पाठपुरावा सुरू केला आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला. तत्त्व सोपे आहे. इअरबडमधील मायक्रोफोन बाहेरचा ध्वनी टिपतो आणि त्याच्या विरुद्ध कलेची लहर निर्माण केली जाते. एका लहरीचा उंचवटा जेथे, तेथे दुसरीचा खळगा पडल्याने दोन्ही परस्परांना क्षीण करतात.

परंतु हे जुळणे अचूक असावे लागते. गोंगाट २० डेसिबलने कमी करावयाचा तर कलेतील चूक सुमारे ६ अंशांपेक्षा अधिक चालत नाही. १०० हर्ट्झ वारंवारतेसाठी ही सवड सुमारे ०.१६ मिलिसेकंद असते. ५००० हर्ट्झसाठी ती त्याच्या पन्नासाव्या भागाइतकीच उरते. म्हणून हे तंत्र खालच्या वारंवारतेवर प्रभावी ठरते. सुमारे १००० हर्ट्झच्या वर कान प्रामुख्याने रबरी टोपीच्या घट्ट बसण्यानेच झाकला जातो.

स्थानिक उदाहरणांनी हा भेद स्पष्ट होतो. सहा सिलिंडरचे चार-स्ट्रोक डिझेल इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असता त्याच्या ज्वलनाची वारंवारता ७५ हर्ट्झ असते. विद्युत उपकेंद्रातील रोहित्राची घरघर मुख्यतः १०० हर्ट्झची असते. हे दोन्ही सलग, खालचे ध्वनी सहज शमतात. याउलट पावसाळ्यातील रातकिड्यांची किरकिर कित्येक हजार हर्ट्झची, तर हॉर्न अकस्मात वाजणारा असतो. त्यांच्यापुढे हे तंत्र दुबळे पडते. त्यामुळे बसमध्ये उत्तम ठरलेला संच वनविश्रामगृहात निराशा करू शकतो.

ध्वनिगुणवत्तेचे घटक :

ध्वनिगुणवत्तेत खर्ज, मध्य व तार भागांचा समतोल, स्वरांची स्पष्टता आणि विकृतीचा अभाव यांचा समावेश होतो. टोपी सैल बसली तर खर्ज गळून जातो आणि दोष यंत्राचा वाटतो. गोंगाटशमन सुरू करताच काही संचांचा स्वरसमतोल बदलतो व शांत खोलीत बारीक सळसळ ऐकू येते.

बिनतारी वहनाचाही परिणाम होतो. सीडीवरील ध्वनीचा माहितीवेग सेकंदाला १४११ किलोबिट असतो. ब्लूटूथवरील सर्वसामान्य एसबीसी संकेतनाचा तो उच्च दर्जातही सुमारे ३२८ असतो. संगीत ऐकताना हा फरक अनेकांना जाणवत नाही. मात्र ब्लूटूथच्या पारंपरिक संभाषण-पद्धतीत मायक्रोफोन सुरू होताच दर्जा बराच घसरतो. जुन्या दूरध्वनीप्रमाणे पट्टा ३४०० हर्ट्झपर्यंत सीमित झाल्यास 'स' आणि 'श' यांतील भेद पुसट होतो, कारण 'स'ची बरीचशी ऊर्जा त्याच्या वर असते. शब्दांकन करणाऱ्यासाठी ही बाब गौण नाही. चुकीचा ऐकलेला वर्ण संग्रहात कायमचा नोंदला जातो.

श्रवणचाचणीची पद्धती :

महाविद्यालयात पुढील क्रमाने चाचणी घेता येईल.

१. प्रत्येक श्रोत्याने आपल्या कानास नीट बसणारी टोपी निवडावी. ॲपमधील स्वरबदलाची सोय बंद ठेवावी.

२. शांत खोलीत, गोंगाटशमन बंद ठेवून, परिचित ध्वनिमुद्रणे ऐकावीत : झाडीपट्टी नाटकातील एखादे पद, तबला किंवा ढोल, आणि परिचित व्यक्तीचे मराठी वा गोंडी बोलणे. ज्याचा मूळ आवाज ठाऊक आहे, त्याचीच पारख करता येते.

३. सर्व संचांची पातळी शक्य तितकी समान ठेवावी. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखविल्याप्रमाणे आवाज वाढला की खर्ज तुलनेने अधिक जाणवतो. परिणामी मोठ्याने वाजणारा संच उगाच सरस भासतो.

४. संचाचे नाव व किंमत श्रोत्यास सांगू नये. कानात घालताच आकार ओळखू येत असल्याने पूर्ण गुप्तता साधत नाही. तरी एकाच संचातील शमन 'सुरू' व 'बंद' यांची तुलना दुसऱ्या व्यक्तीने बदल करून घेता येते.

५. त्यानंतर धावत्या बसमध्ये तेच व्याख्यान ऐकून शब्द समजण्यासाठी आवाजाच्या किती पायऱ्या वाढवाव्या लागतात ते नोंदवावे. शेवटी फोनवरील संभाषण तपासावे.

६. प्रत्येकाने चर्चेपूर्वी आपले गुण लिहून द्यावेत. स्वर, शमन व संभाषण यांचे गुण स्वतंत्र ठेवावेत. त्यांची सरासरी काढू नये.

श्रवणसुरक्षा :

पाचव्या टप्प्यास विशेष महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीचे श्रवण आठवड्यास ४० तासांपर्यंत सुरक्षित मानले जाते. पातळी ३ डेसिबलने वाढली की हा काळ निम्मा होतो. चांगले गोंगाटशमन आवाज कमी ठेवू देते, हा त्याचा खरा आरोग्यलाभ होय. तथापि असे इअरबड्स खाणीतील वा कारखान्यातील प्रमाणित श्रवणरक्षकांची जागा घेऊ शकत नाहीत. कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर किंवा वाघाचा वावर असलेल्या जंगलवाटेवर चालताना त्यांचा वापर जिवावर बेतू शकतो. तेथे बाहेरचा आवाज ऐकू येणे हीच सुरक्षितता असते.

निष्कर्ष :

इअरबड्सचे मूल्य त्यांच्या उपयोगाच्या संदर्भातच ठरते. नियमित बसप्रवास करणाऱ्याने शमनास, ऑनलाइन वर्ग घेणाऱ्याने संभाषणाच्या स्पष्टतेस, तर संगीत ऐकणाऱ्याने स्वरसमतोलास अग्रक्रम द्यावा. लोकभाषांच्या शब्दांकनाची अंतिम तपासणी मात्र तारयुक्त हेडफोनवर, शांत खोलीत करणे इष्ट. महाविद्यालयांनी सामूहिक खरेदीपूर्वी चार-पाच अध्यापकांची अशी चाचणी घेतली, तर जाहिरातीऐवजी कानांच्या साक्षीने निर्णय घेता येईल.