हृदयाचे ठोके आणि टीव्हीची लहर

फेब्रुवारी १९९८, अमेरिकेतलं डॅलस. एका टीव्ही केंद्रानं डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी सुरू केली आणि बेलर रुग्णालयातले बिनतारी हार्ट मॉनिटर बंद पडले! दोघांची फ्रिक्वेन्सी एकच होती. सुदैवानं कुणा रुग्णाला इजा झाली नाही.

या गोंधळानंतर, २००० साली, अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं रुग्णालयांच्या टेलिमेट्रीसाठी, म्हणजे रुग्णांची नोंद बिनतारी पाठवण्यासाठी, फ्रिक्वेन्सीचे खास पट्टे राखून ठेवले. त्यातला ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झचा पट्टा रेडिओ खगोलशास्त्रज्ञही वापरतात.

शरीरात बसवलेल्या पेसमेकरचं गणित वेगळं. ब्लूटूथ आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी शरीरातलं पाणी बऱ्याच प्रमाणात शोषून घेतं. म्हणून अशा उपकरणांसाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरला. तिथं प्रसारणाची मर्यादा जेमतेम २५ मायक्रोवॅट! बॅटरी बदलायची तर शस्त्रक्रिया करावी लागते, त्यामुळे ऊर्जेची काटकसर हवीच.

अंगावरच्या आणि अंगातल्या सेन्सरांसाठी २०१२ मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेचं ८०२.१५.६ हे स्वतंत्र मानक आलं. त्यात तातडीच्या वैद्यकीय संदेशाला प्राधान्य मिळतं. बाजारात मात्र २०१० साली आलेल्या ब्लूटूथ लो एनर्जीनंच बाजी मारली. कारण साधं आहे: ते जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आधीपासूनच असतं.