बाळ ऐकत असते

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी लहान भावंड असेल. तुम्ही शाळेतून आलात, की अम्मी त्याला तुमच्या कडेवर देते आणि म्हणते, "जरा याला सांभाळ." तुम्ही सांभाळता, म्हणजे त्याला पडू देत नाही, माती खाऊ देत नाही. पण बाळाला शरीर असते तसे मनही असते. ते मन कसे वाढते, तुम्हांला ठाऊक आहे का?

ही वाढ जन्माच्या आधीच सुरू होते. आईच्या पोटात सुमारे सहा महिने झाले, की बाळाला आवाज ऐकू येऊ लागतात. आईचे बोलणे ते रोज ऐकते. १९८० साली अमेरिकेतील अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या शास्त्रज्ञांनी नवजात बाळांवर एक गमतीदार प्रयोग केला. बाळाच्या तोंडात चोखणी दिली. एका लयीत चोखले, की त्याला आईचा आवाज ऐकू येई. दुसऱ्या लयीत चोखले, की परक्या बाईचा. ही बाळे तीन दिवसांचीही नव्हती. तरी बहुतेक बाळे आईचा आवाज येईल अशाच लयीत चोखू लागली!

आपल्या घरी बाळ जन्मले, की त्याच्या कानात अजान देतात. शेजारच्या घरी बारशाला पाळणा म्हणतात. बाळाशी बोलायचे असते, हे जुन्या माणसांना प्रयोगाशिवायच ठाऊक होते. पोटाजवळ यंत्र लावून गाणी ऐकवली, की मूल हुशार होते, असे सांगणारे लोकही भेटतात. त्याला आधार नाही. घरातले साधे, मायेचे बोलणे पुरते.

म्हणून आधी आईला जपायला हवे. ती एखादे दिवशी रडली किंवा रागावली, तर बाळाचे काही बिघडत नाही. पण घरात रोज भांडणे, मारहाण आणि काळजी असेल, तर तिच्या मनावर सतत ताण राहतो. अशा वेळी बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. बाळंतपणानंतरही काही स्त्रिया उदास होतात, बाळाला जवळ घ्यावेसे त्यांना वाटत नाही. ही उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर तो आजार असतो. त्यावर दवाखान्यात उपचार होतात. लोक त्याला नखरे म्हणतात, हे फार वाईट आहे.

बाळ बोलत नाही, पण उत्तराची वाट पाहते. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या काळात हे दाखवून दिले. आई बाळाशी हसत-खेळत होती. मग सांगितल्याप्रमाणे तिने काही क्षण चेहरा दगडासारखा ठेवला. बाळ हसले, हात हलवू लागले, आवाज करू लागले. उत्तर मिळेना, तेव्हा त्याने तोंड फिरवले आणि ते रडू लागले. आता सांगा, मोबाइलमध्ये डोळे घालून पाळणा हलवणाऱ्या ताईचा चेहरा बाळाला कसा दिसत असेल?

मूल थोडे मोठे झाले, की ते भीतीसुद्धा मोठ्यांच्या चेहऱ्यावर वाचते. २०२४ मध्ये २१ मार्चला आणि १० जुलैला सकाळी आपल्या हिंगोली जिल्ह्यात भूकंपाचे धक्के बसले. त्यांची तीव्रता ४.५ होती. कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ या भागांत लोक घराबाहेर धावले. अशा वेळी लहान मुलाला "काहीच झाले नाही" असे सांगून उपयोग नसतो, कारण त्याने भांडी वाजलेली ऐकलेली असतात. "जमीन हलली. आपण बाहेर आलो. मी तुझ्याजवळ आहे," एवढे सांगावे. नंतर ते चार दिवस तेच तेच विचारील. चारही दिवस उत्तर द्यावे. बागुलबुवाची भीती दाखवून त्याला झोपवणे तर अजिबात नको.

मोठ्या भावंडांचे हे काम ताराबाई मोडक यांनी फार पूर्वी ओळखले होते. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. गरीब घरांतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला त्यांच्या लक्षात आले, की अनेक मुली धाकट्याला सांभाळायचे म्हणून शाळेत येत नाहीत. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. तिचे नाव विकासवाडी. धाकटे पाळणाघरात राही आणि थोरली वर्गात बसे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

आज आपल्या गावागावांत अंगणवाडी आहे. पण दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. काही मुले आईवडिलांबरोबर फडावर, कोपीत राहतात. काही मुले गावात दादीजवळ किंवा आजीजवळ राहतात आणि रोज विचारतात, "अम्मी कधी येणार?" "उद्या येईल" हे उत्तर सोपे आहे, पण उद्या ती येत नाही, आणि मूल पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा खरे सांगा, "ऊस संपला, की येईल." भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक दिवस त्याच्याच हाताने खोडायला द्या. संध्याकाळी अम्मीचा फोन आला, की आधी त्याच्या कानाला लावा. तो आवाज ते जन्माच्या आधीपासून ओळखते.